जीवरामची चिलीम

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मी कुंभाराची मुलगी आहे आणि जिच्याबद्दल सांगणार आहे ती माझी आई आहे. तेव्हा थोडी फुशारकी असणारच. ज्याला सोसत नसेल त्याने पान उलटावं. चिलीम ओढणं बरं की वाईट, हेही मला विचारू नये. त्यासाठी दवाखाने आहेत. माझ्या आईने उभ्या जन्मात विस्तव ठेवलेली चिलीम ओठाला लावली नाही. पण शिरपूरच्या बाजूला ज्यांना चिलमीची पारख होती, ते सगळे तिच्या हातची चिलीम ओढत होते. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

आमचं निंबखेडी तापीच्या काठावर. गावात कुंभाराचं घर एकच, ते आमचं. माझे वडील जीवराम चाकावर बसत आणि घागरी, माठ, परळ, पणत्या काढत. आई बेबाबाई बाकीचं सगळं करी. बाकीचं म्हणजे गाळ आणणं, तो चाळणं, तुडवणं, घागरी थोपटणं, त्यांना रंग देणं, कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचून आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, लावणं. कुंभाराच्या घरात बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी आमच्यातली रीत. का, ते कुणी सांगत नाही. तुडवून तुडवून बाईचे पाय झिजले तरी चालतात, पण चाक बाटतं.

चिलमीला मात्र चाक लागत नाही. निदान आईच्या चिलमीला लागत नसे. लाकडाची एक निमुळती खुंटी होती, तिला ती राख फासून घेई, भोवती मातीचा गोळा वळी, तळव्याखाली फिरवत फिरवत लांबवी आणि खुंटी अलगद ओढून घेई. माती तापीच्या गाळाची, त्यात चाळलेली राख आणि गाढवाची वाळलेली लीद. लीद आव्यात जळून जाते आणि मातीच्या अंगात बारीक भोकं राहतात. माठातलं पाणी जसं गार होतं तसाच मग चिलमीतला धूरही. मोठमोठे मिशीवाले डोळे मिटून ज्या गारव्याची तारीफ करत, त्याचं मूळ आमच्या गाढवात होतं, हे आठवलं की मला अजून हसू येतं.

पण लीद तर सगळेच कुंभार घालतात. आईच्या चिलमीची खरी करामत आत होती. तंबाखू खाली घसरू नये म्हणून चिलमीत एक खडा ठेवतात. त्या खड्याला बसायला जागा करावी लागते. ती जागा आई ओल्या मातीत करंगळी दाबून करायची. आता आईची उजवी करंगळी वाकडी. लहानपणी पाट्याखाली सापडली होती, ती तशीच जुळली. त्यामुळे खड्याची जागाही एका अंगाला कललेली यायची, खडा तिरका बसायचा आणि धूर सरळ घशात न शिरता खड्याला वळसा घालून यायचा. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. आमच्या घरी धूरही निघत नव्हता.

आवा थंड झाला की आई प्रत्येक चिलीम उचलून राख झटकायची आणि एकदा कोरी ओढून बघायची. तंबाखू नाही, निखारा नाही, नुसती हवा. डोळे मिटून ओढायची आणि आवाज ऐकायची. आवाज फाटका आला की चिलीम गेली खापरात. मग कितीही देखणी असो.

हा सगळा माल वडील बाजारच्या दिवशी शिरपूरला गफूर चाचांकडे नेत. गफूर चाचांचं तंबाखूचं दुकान होतं, आणि तंबाखू घेणारा माणूस चिलीमही तिथेच बघायचा. जीवराम आणतो म्हणून ती 'जीवरामची चिलीम' झाली. वडिलांना हे खटकायचं. खरं काय ते सांगून टाकू का, असं त्यांनी आईला मी लहान असताना विचारलेलं मी ऐकलं आहे. आईच नको म्हणाली.

"बाईना हातनी चिलीम कोन तोंडले लाई?" एवढंच तिचं म्हणणं.

ते खोटं नव्हतं. चिलीम ही पुरुषांची वस्तू. पारावर चार जण चिलीम फिरवत बसलेले असले तर बाया पदर पुढे ओढून वळसा घालून जायच्या. तिथे चिलीम बाईने वळलेली आहे म्हटल्यावर कुणी थुंकलं असतं, कुणी हसलं असतं. तेव्हा वडील गप्प बसले. पण कुणी समोर तारीफ केली की ते मान खाली घालत आणि म्हणत, "त्यामा मनं काय शे," म्हणजे त्यात माझं काय. लोक म्हणत, बघा, हात एवढा गुणाचा आणि माणूस किती नम्र. माझे वडील नम्र वगैरे अजिबात नव्हते. घागरीला कुणी नाव ठेवलं तर गाढव सोडून त्याच्या मागे लागत. चिलमीच्या बाबतीत ते फक्त खरं बोलत होते.

पारखी मंडळींचे मुख्य म्हणजे चुडामण आबा. उंच, सुकलेले, आवाज खर्जातला. केळीच्या बागा मुलांवर सोपवून ते पारावर राहायला आले होते म्हटलं तरी चालेल. कुठूनही कुणी चिलीम आणली की ती आधी आबांकडे. बऱ्हाणपूरची चिलीम देखणी, अंगावर वेलबुट्टी, पण अंगाने पातळ. दोन हात फिरली की तिसऱ्याला चटका. गुजरातकडून नंदुरबारच्या बाजारात येणारी काळी चिलीम गुळगुळीत, पण तिला भट्टीचा वास, तंबाखूची चव लागेच ना. एका बैराग्याने दगडाची दिली होती. ती गार खरी, पण जड, आणि धूर यायला इतका वेळ की आबा म्हणाले, तोवर ओढणारा समाधी घेईल. गफूर चाचांकडे हुक्का होता. त्याबद्दल आबांचं मत असं की धुराला आंघोळ घालून मग प्यायचा तर तंबाखूच कशाला, वाफ घ्यावी.

माझं लग्न भुसावळच्या रेल्वे कॉलनीत झालं. माझे सासरे रेल्वेत फिटर होते आणि त्यांच्याकडे एक लाकडी पाईप होता, त्यांच्या वेळच्या एका गोऱ्या ड्रायव्हरने जाताना दिलेला. एका अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते मला माहेरी सोडायला आले तेव्हा पाईप घेऊन आले. अख्खा पार गोळा झाला. आबांनी पाईप उलटा-सुलटा पाहिला, भरला, ओढला, पुन्हा ओढला. सासऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी आबा म्हणाले, "चीज चांगली शे. पन हाई एकला मानूसनी शे. हाई फिरत नही." आणि खरंच, त्या पाईपाचं तोंड दातात धरायचं, ते चार जणांत कसं फिरणार? चिलमीला साफी, म्हणजे ओलं फडकं, गुंडाळायची, दोन्ही मुठींत धरायची, आपलं तोंड न लावता हाताच्या पोकळीतून ओढायची आणि शेजाऱ्याला द्यायची. म्हणून तर ती पारावर चालते. सासऱ्यांना ते पटलं. जाताना त्यांनीही एक जीवरामची चिलीम बरोबर नेली.

ते आबा आईच्या चिलमीतला खडा काढून हातावर घेत आणि नव्या माणसाला समजावून सांगत की खड्याची जागा तिरकी आहे ती जीवरामने मुद्दाम ठेवली आहे, फार डोकं लावलं आहे त्यात, दुसऱ्या कुणाला साधायचं नाही. एकदा आमच्याच ओट्यावर बसून ते हे सांगत असताना मी दारातून ऐकलेलं आहे. आत आई भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहून करंगळी हलवली, आणि आम्ही मायलेकी तोंडात पदर कोंबून हसलो.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात वडील गेले. चाकावरच बसले होते, छातीत कळ आली म्हणाले आणि गेले. त्या दुःखाबद्दल मी लिहीत नाही, ते आमचं आहे.

पण त्यानंतर जे झालं त्याने माझं डोकं फिरलं. गावात, बाजारात सगळे म्हणू लागले, जीवराम गेला, आता तशी चिलीम होणे नाही. ज्याच्याकडे जुनी होती त्याने ती कापडात गुंडाळून ठेवली. वडिलांचे दिवस झाल्यावर आईने पुन्हा माती तुडवली, चिलमी वळल्या, आवा लावला आणि पहिल्यांदाच आपल्या डोक्यावर पाटी घेऊन शिरपूरला गेली. गफूर चाचा भला माणूस. त्यांनी माल ठेवून घेतला. पण पुढच्या बाजारी ती पाटी जवळजवळ तशीच परत मिळाली. चाचा अवघडून म्हणाले की बाई, लोक ओढून बघतात आणि म्हणतात, जीवरामसारखी नाही, जीवरामच्या बाईने नक्कल केली आहे.

म्हणजे माझ्या आईने माझ्या आईची नक्कल केली होती.

मी म्हटलं, आता तरी सांग. पण आई सांगेना. तिला काय टोचत होतं ते मला कळत होतं. आजवर तिने आपणहून नाव नवऱ्याला दिलं होतं. आता ते परत मागायचं म्हणजे मेलेल्या माणसाला खोटं ठरवायचं. तो दुसऱ्याच्या हातचा माल आपला म्हणून विकत होता, असं लोक म्हणणार. आणि न सांगावं तर तिचा हात, जो अजून जिवंत होता, तोच वडिलांबरोबर गेल्यासारखा झाला. ती रोज सकाळी खुंटी हातात घ्यायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. माझ्या आईला असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते पाहवत नव्हतं.

अशात अखाजी आली. खान्देशात लेकीबाळी अखाजीला माहेरी येतात, तशी मीही आले होते. अखाजीला घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात आणि निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकतात. ती घागर कुंभाराची. त्या वर्षी आमच्या घरच्या घागरीतलं पाणी वडिलांसाठी होतं. आमच्या गावात आणखी एक रीत आहे. चिलीम ओढणारा माणूस गेला की पहिल्या अखाजीला त्याचे पारावरचे सोबती त्याच्या घरी येतात आणि घागरीसमोर बसून त्याच्या नावाने एक चिलीम फिरवतात. चिलीम त्या घरची असते.

दुपारी चुडामण आबा आले, बरोबर नथ्थू अप्पा आणि आणखी दोघं. नथ्थू अप्पा म्हणजे आबांची सावली, आबांचं मत झालं की त्यांचंही तेच होतं. आईने घागरीशेजारी तिने नुकतीच भाजलेली एक चिलीम ठेवली होती, स्वच्छ पुसून, साफीसकट. आबांनी ती पाहिली आणि उचलली नाही. खिशातून कापडाची गुंडाळी काढली आणि आपली जुनी, काळी पडलेली चिलीम बाहेर घेतली.

"वहिनी, हाई नको," ते म्हणाले. "आज जीवरामना हातनीच पेवानी."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मित्राच्या मायेनेच बोलले ते. पण मी आईचा चेहरा पाहिला. आमच्याच घरात, आमच्याच घागरीसमोर, तिच्या हातची चिलीम तशीच पडून होती. मी तोंड उघडणार एवढ्यात आई पुढे झाली आणि म्हणाली की दोन्ही भरा, दोन्ही ओढा आणि मग सांगा.

आबांना पारख करायला सांगणं म्हणजे म्हशीला पाणी दाखवणं. त्यांनी एकच तंबाखू तळहातावर चुरली, दोन्हीत सारखी भरली, चुलीतले निखारे ठेवले. जुनी फिरली, मग नवी फिरली. आबांनी डोळे मिटले, उघडले आणि आईकडे न बघता बोलले, "जुनी गार शे. नवी घसाले लागस. खोटं कसाले बोलू?" नथ्थू अप्पांनी लगेच मान डोलावली.

आईने हात पुढे केला. आबांना वाटलं ती नवी मागते आहे, पण तिने जुनी घेतली. निखारा, तंबाखू चुलीत झाडली, फडक्यात धरून खडा बाहेर काढला आणि थोडी निवू दिली. मग सगळ्यांसमोर उजवी करंगळी आत घातली. ती वाकडी करंगळी त्या वाकड्या जागेत मुळापर्यंत जाऊन बसली. आईने हात उचलला, तरी चिलीम बोटावरून हलली नाही.

"आबा, दोन्ही मन्याच शेतस," ती म्हणाली. "जुनी बी मीच बनाडेल शे."

नथ्थू अप्पांनी नवी चिलीम उचलून आत बोट घालून पाहिलं, त्यांचं बोट खड्याच्या जागेच्या तोंडाशीच अडकलं. मग त्यांनी वडिलांची बोटं आठवली असावीत. वडिलांची बोटं केळीच्या फण्यातल्या केळ्यांएवढी होती, साऱ्या गावाला माहीत होतं. आबांनी आपली चिलीम आईच्या बोटावरून काढून घेतली आणि आतली जागा उजेडाकडे धरून पाहू लागले. इतकी वर्षं ते त्या जागेबद्दल लोकांना व्याख्यान देत होते.

तरी नथ्थू अप्पांनी विचारलंच की दोन्ही एका हातच्या तर नवी घशाला का लागते. आई आता मोकळी झाली होती. तिने सांगितलं की चिलीम आधी स्वतः धूर पिते आणि तिचं पोट भरलं की मग दुसऱ्याला गार पाजते. तुमच्या चिलमीने आजवर किती धूर प्यायला असेल, आणि ही कालची. "नवी सून पयला वरीसले कोनले गोड लागस?" ती म्हणाली, आणि बसलेल्या चारही जणांच्या घरी सुना होत्या.

आता ते वडिलांबद्दल काय बोलतात, याची मी वाट पाहत होते. कुणी एक शब्द वाकडा बोललं असतं तर अखाजी बिखाजी विसरून मी त्याला घराबाहेर काढलं असतं. आई घागरीकडे बघत होती. तिचाही जीव तिथेच अडकला होता.

आबांनी जुनी चिलीम घागरीशेजारी ठेवली. मग घागरीकडे वळून, जणू वडील तिथे मांडी घालून बसले आहेत अशा आवाजात म्हणाले, "तो ते दरखेपे सांगे, त्यामा मनं काय शे. आम्हीच ऐकं नही."

आई तेव्हा रडली. वडील गेले त्या दिवसापासून मी तिला इतकं मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या रडण्याचा अभिमान वाटला. नवऱ्याने तिच्यापासून काही चोरलं नव्हतं. सगळ्यांदेखत, दर वेळी, ज्याचं त्याला देत आला होता. ऐकणाऱ्यांनी त्याला नम्रपणा समजून सोडून दिलं, ही ऐकणाऱ्यांची चूक.

आबांनी मग नवी चिलीम पुन्हा भरली. निखारा ठेवला, साफी ओली केली आणि दोन्ही हातांनी ती आईपुढे धरली. आजवर आई त्यांच्यासाठी वहिनी होती, नाहीतर जीवरामच्या घरचं माणूस.

"पयला झुरका तुमना, बेबाबाई," ते म्हणाले.

आईने डोळे पुसले. मला वाटलं, आता ही लाजेल, आत जाईल. माझी आई कसली लाजते.

"आबा, पयला झुरका मनाच ऱ्हास," ती म्हणाली. "कोरा ऱ्हास, पन मनाच. तुमनी जुनीना बी."

आणि आव्यातून काढल्यावर प्रत्येक चिलमीचा पहिला, कोरा झुरका ती स्वतः कशी ओढून बघते ते तिने सांगितलं. बाईच्या हातची चिलीम कोण तोंडाला लावेल अशी ज्यांच्याबद्दल तिला धास्ती होती, त्यांच्या प्रत्येक चिलमीला पहिलं तोंड तिचंच लागलेलं होतं. नथ्थू अप्पांना जोरात ठसका लागला. आबा इतके हसले की घागरीवरचं खरबूज हाताने धरावं लागलं.

पुढच्या बाजारी गफूर चाचांनी पाटी ठेवून घेतली आणि गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगू लागले की ही बेबाबाईची आहे. काही लोक नाकं मुरडून गेले. आबा जिथे जात तिथे करंगळीची गोष्ट सांगत, आणि आता ती त्यांनी आधीपासून ओळखली होती अशा थाटात सांगत. सांगू देत. गावात मात्र नवीन खूळ निघालं. आईने डोळ्यांसमोर कोरी ओढून दाखवल्याशिवाय कुणी चिलीम घेईना.

चौऱ्याण्णव साली आबा गेले. त्यांच्या पहिल्या अखाजीला त्यांच्या घरी घागर भरली, आणि आबांनीच सांगून ठेवलं होतं म्हणून घागरीशेजारी आईच्या हातची नवी चिलीम ठेवली. पारावरचे सगळे आले, तंबाखू चुरून झाली, निखारे फुलले. पण विस्तव कुणी ठेवेना. आधी बेबाबाई येऊ दे, ती कोरी ओढेल, मग आपण, असं नथ्थू अप्पांनीच ठरवलं होतं. आईला बोलवायला दोनदा माणूस आला.

मी म्हटलं, आई, चल ना, सगळे ताटकळले आहेत. ती भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती.

"ताटकळू दे," ती म्हणाली, आणि नीट असलेला पदर तिने पुन्हा एकदा नीट केला.